नाव नवे, क्रेडिट तेच

बेंगळुरूचे व्हाइटफील्ड वसले तेच घरात इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी 1882 मध्ये दिलेल्या जमिनीवर डी. एस. व्हाइट यांच्या युरेशियन अँड अँग्लो-इंडियन असोसिएशनने शेतीची वसाहत मांडली. आज तिथे टेक पार्क आहेत आणि आसपासची अभियांत्रिकी महाविद्यालये बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला जोडलेली आहेत. या विद्यापीठाच्या 2018 च्या स्कीममध्ये, म्हणजे अभ्यासक्रमात, पहिल्या वर्षाला ‘टेक्निकल इंग्लिश’ होते, 2022 च्या स्कीममध्ये ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ होते. क्रेडिट दोन्हीकडे एकच. मुंबई विद्यापीठानेही 2019 च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या ‘कम्युनिकेशन स्किल्स’चे ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स’ केले. पाट्या बदलण्यात आपल्याकडे कधीच आळस नसतो. पण विषयाची पत पाटीवर ठरत नाही. तो कोण शिकवतो, त्याला वेळापत्रकात किती जागा मिळते आणि परीक्षा कशाची होते, यावर ठरते.

अमेरिकेचा दाखला देऊन कोणी म्हणेल, की तिथे नावानेच संवादाचा विषय उभा राहिला. घडले उलट. 1914 मध्ये वक्तृत्वाचे सतरा अध्यापक इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेतून फुटले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. तिचे नाव पुढे अनेकदा बदलले; ‘नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन’ हे आजचे नाव 1997 चे. म्हणजे वेगळी चूल आधी, बारसे मागाहून. आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्याच अध्यापकाकडे राहतो, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात तो अध्यापक बहुधा पाहुणाच असतो.

परीक्षेत तर हे उघडच दिसते. विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या 2022 च्या स्कीममध्ये ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ची सत्रान्त परीक्षा पन्नास बहुपर्यायी प्रश्नांची, तासाभराची. संवादाच्या विषयात विद्यार्थ्याने तोंडही उघडायचे नाही! यावर विद्यापीठाची बाजू खोटी नाही: दोनशेहून अधिक महाविद्यालयांतल्या प्रत्येकाचे बोलणे ऐकून सारखे गुण देणे कठीण, आणि निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाला आहेतच. पण प्रयोगशाळेच्या विषयांत हीच अडचण असूनही बाहेरचा परीक्षक येतो, तोंडी परीक्षा घेतो आणि गुण देतो. तिथे खर्च परवडतो, कारण ते विषय ‘मुख्य’ मानलेले. संवादाला तो परीक्षक मिळेपर्यंत पुढच्या स्कीममधल्या नव्या नावाकडे फार अपेक्षेने पाहण्याचे कारण नाही.