सायकलने नेमकं कुठून जायचं?

लंडनच्या उत्तरेला मसवेल हिल नावाचा उतार आहे. तिथून बेफाम सायकल हाणल्याबद्दल एका स्वारावर चाललेला खटला १८७९ साली वरच्या न्यायालयात गेला. बेफाम गाडी हाकण्याविरुद्धचा कायदा घोडागाड्यांच्या काळातला. तो सायकलला कसा लागू होणार, हा बचावाचा मुद्दा. न्यायमूर्तींनी सायकललाही गाडीच ठरवलं. स्वार हरला, पण त्याच्या वाहनाला रस्त्यावर दर्जा मिळाला. १८८८च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि सोबत अंधारात दिवा व ओलांडून जाताना घंटीची सक्तीही आणली.

मोटारी वाढल्या तसा हा मानाचा वाहनवाला डावीकडे, गटाराच्या जाळ्यांकडे ढकलला गेला. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. त्याच डिसेंबरात वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनी लंडनच्या वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूला लागून देशातल्या पहिल्या स्वतंत्र सायकलमार्गाचं उद्घाटन केलं. सायकलस्वारांची जुनी संघटना सीटीसी चक्क विरोधात उभी राहिली. आज मार्ग देतील आणि उद्या रस्ता बंद करतील, ही तिची धास्ती. धास्ती अगदीच खुळी नव्हती.

१९७०च्या दशकात हाच झगडा कॅलिफोर्नियात रंगला. जॉन फॉरेस्टर हे कादंबरीकार सी. एस. फॉरेस्टर यांचे चिरंजीव, पेशाने इंजिनिअर आणि स्वभावाने भांडकुदळ. पालो आल्टो शहराने काही रस्त्यांवर सायकली फुटपाथवर घालायचं ठरवलं, तेव्हा ते मुद्दाम रस्त्यावरूनच गेले आणि कारवाई ओढवून घेतली. सायकलस्वाराने वाहनचालकासारखं वागावं, हे त्यांचं तत्त्व. १९७६च्या ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं. दणकट, सरावलेल्या स्वाराला ते मानवतं. दप्तर घेऊन निघालेल्या पोराला किंवा आजीबाईंना नाही. डच लोकांनी नेमका त्यांचा विचार करून वेगळे मार्ग बांधले.

ब्रिटनमध्ये जॉन फ्रँकलिन यांच्या ‘सायकलक्राफ्ट’ने १९८८ साली वाहनासारखं सायकल चालवण्याचं नीट शास्त्र केलं. चौक, अरुंद रस्ता किंवा उभ्या मोटारींची रांग आली की लेनच्या मध्यावर यायचं. रस्ता रुंद आणि मोकळा असला की थोडं डावीकडे सरायचं. कडेला चिकटून गेलं की मागच्या ड्रायव्हरला वाटतं, जागा आहे, घुसवू गाडी. शिवाय उभ्या मोटारीचं दार फटकन उघडतं ते अंगावरच.

पोलिसांना मात्र हे पटेलच असं नव्हतं. २००६ साली टेलफर्डमध्ये एक स्वार लेनच्या मध्यातून निघाला होता. त्याला ओलांडायला मोटारींना अखंड पांढरी रेघ मोडावी लागते, हा त्याचा गुन्हा! शेजारचा सायकलमार्ग का धरला नाही, हेही विचारलं गेलं. १०० पौंड दंड झाला, वर खर्च. सीटीसीची धास्ती सत्तर वर्षांनी अशी खरी होऊ पाहत होती. २००७च्या जानेवारीत अपिलात शिक्षा रद्द झाली.

२९ जानेवारी २०२२ पासून ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्येच हा सल्ला स्पष्ट आला: शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ लेनच्या मधून चला, वेगवान रहदारीतही कडेपासून किमान अर्धा मीटर अंतर ठेवा. ओलांडणाऱ्या मोटारवाल्याने ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात दीड मीटर सोडायचं. भाषा ‘करावे’ची आहे, ‘केलेच पाहिजे’ची नाही, त्यामुळे मागून हॉर्न वाजवणाऱ्याला हुज्जतीची सोय राहिलीच.