चार्निया

कँब्रियनपूर्व काळाच्या अखेरीस समुद्रतळावर राहणाऱ्या एका मृदुशरीरी जीवाची जीवाश्मरूपाने ज्ञात असलेली प्रजाती. इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातील चार्नवुड फॉरेस्ट या टेकड्यांच्या प्रदेशावरून तिला हे नाव मिळाले. चार्निया मेसोनी या जातीचे वर्णन १९५८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. निःसंशय कँब्रियनपूर्व मानल्या गेलेल्या खडकातून वर्णिलेला गुंतागुंतीच्या रचनेचा हा पहिला सर्वमान्य जीवाश्म असून तो शाळकरी मुलांच्या नजरेस प्रथम पडला. हौशी निरीक्षकाला दगडात दिसलेली आकृती खरोखरच जीवाश्म आहे की नाही, हे कसे ठरते व ते ठरविताना जाणकारही कसे चुकू शकतात, याचे या शोधाचा इतिहास हे बोधप्रद उदाहरण आहे.

वर्णन : हा ठसा नेच्याच्या पानासारखा दिसतो; मात्र त्यात मधली शीर नसते. डाव्या व उजव्या बाजूंच्या शाखा समोरासमोर न येता एकाआड एक येतात व त्यांच्यामधील रेषा नागमोडी होते. प्रत्येक शाखा पुन्हा लहान उपशाखांत विभागलेली असते. ज्वालामुखी राखेच्या बारीक कणांपासून समुद्रतळावर बनलेल्या थरांच्या पृष्ठांवर हे ठसे उमटलेले आहेत. या खडकांचे वय सु. ५६ कोटी वर्षे आहे.

पार्श्वभूमी : कँब्रियन थरांत विविध प्राण्यांचे जीवाश्म एकाएकी विपुल आढळतात, तर त्यांखालील खडक जवळजवळ रिकामे दिसतात, ही आपल्या सिद्धांतापुढील मोठी अडचण असल्याचे चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये मान्य केले होते. १८६५ मध्ये जे. डब्ल्यू. डॉसन यांनी कॅनडातील अतिप्राचीन खडकांतील पट्ट्यापट्ट्यांच्या रचनेला ‘इओझून’ हे नाव देऊन तो आद्य जीव असल्याचे प्रतिपादन केले. तथापि ती रचना उष्णता व दाब यांमुळे खनिजांत झालेल्या बदलांची असल्याचे पुढे सिद्ध झाले. अशा अनुभवांमुळे कँब्रियनपूर्व जीवाश्मांविषयी भूवैज्ञानिक साशंक झाले व कालांतराने ही सावधगिरी पूर्वग्रहात परिणत झाली. चार्नवुडच्या एका खाणीतील वर्तुळाकृती ठसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्ञात होते, पण ते अजैव समजले गेले. लेस्टरमध्ये वाढलेले निसर्गविषयक चित्रपटकार डेव्हिड ॲटनबरो यांना लहानपणी जीवाश्म जमविण्याचा छंद होता. परंतु चार्नवुडचे खडक अतिप्राचीन म्हणून तेथे त्यांनी कधी शोध घेतला नाही.

शोध : १९५६ मध्ये टीना नेगस या पंधरा वर्षांच्या मुलीला चार्नवुडमधील एका जुन्या खाणीच्या कड्यावर पानासारखा ठसा दिसला. तिने शाळेत त्याविषयी सांगितले, तेव्हा कँब्रियनपूर्व खडकांत जीवाश्म नसतातच, असे उत्तर तिला मिळाले व तो विषय तेथेच संपला. ठसा कोणीही पाहिला नाही. खडकाच्या वयावरूनच निर्णय झाला. पुढील वर्षी, १९५७ मध्ये, रॉजर मेसन हा शाळकरी मुलगा मित्रांसह त्याच ठिकाणी कडा चढण्यास गेला असता त्याला तो ठसा आढळला. त्याने ठशावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याची प्रतिकृती घेतली. त्याच्या वडिलांची लेस्टर येथे भूविज्ञान शिकविणारे ट्रेव्हर फोर्ड यांच्याशी ओळख होती. फोर्ड यांनाही प्रथम शंकाच वाटली; पण ते खाणीत गेले व ठसा प्रत्यक्ष पाहून त्यांची खात्री पटली. १९५८ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून जातीला मेसनचे नाव दिले. ज्यांची उपेक्षा झाली होती, तशा तबकडीसारख्या ठशांचेही वर्णन त्यांनी त्याच वेळी केले. मूळ नमुना लेस्टरच्या संग्रहालयात ठेवण्यात आला. नेगस यांनी तो आधी पाहिल्याचे मेसन यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

या शोधामुळे अन्यत्र सापडलेल्या ठशांचाही अर्थ लागला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडिॲकरा टेकड्यांत रेग स्प्रिग यांना १९४६ मध्ये मृदुशरीरी जीवांचे ठसे मिळाले होते. परंतु ते कँब्रियन काळाचे समजले गेले होते. चार्नवुडच्या खडकांचे वय वादातीत असल्यामुळे तेथील ठशांशी असलेल्या साम्यावरून एडिॲकराचे जीवही कँब्रियनपूर्व असल्याचे मार्टिन ग्लेसनर यांनी दाखविले. ६३·५ ते ५३·९ कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडाला २००४ मध्ये ‘एडिॲकरन’ हे अधिकृत नाव मिळाले.

जीवाश्म आहे हे ठरले, तरी तो कोणाचा हे ठरण्यास अधिक काळ लागला. फोर्ड यांनी प्रथम चार्नियाला शैवल मानले. नंतर त्याचा संबंध समुद्रतळात देठ रोवून राहणाऱ्या ‘सी-पेन’ या प्रवाळांच्या आप्त प्राण्यांशी जोडण्यात आला. परंतु चार्नियाच्या नव्या शाखा टोकाशी फुटतात, सी-पेनमध्ये त्या बुडाशी फुटतात, असे २००७ मध्ये दाखविण्यात आल्यावर हे मत मागे पडले. हे जीव सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या खोल पाण्यात राहत असल्यामुळे त्या वनस्पती असणेही संभवत नाही. त्यांची वाढ प्राण्यांसारखी असल्याचे मत २०२१ मधील अभ्यासात मांडले गेले.

ओळखीच्या कसोट्या : केवळ साम्यावरून जीवाश्म ठरत नाही. खडकातील भेगांत मँगॅनिजाची ऑक्साइडे साचून नेच्यासारखी नक्षी तयार होते. ती शाखायुक्त असली, तरी तिच्यात ठराविक अवयवरचना नसते. आकृती थराच्या पृष्ठाशी निगडित आहे की नंतरच्या भेगेशी, तिची रचना नियमित आहे का, तशी दुसरी उदाहरणे मिळतात का आणि ती कोणत्या थरात आहे, हे पाहावे लागते. म्हणून नमुना उचलण्यापूर्वी जागेची नोंद व छायाचित्र घेणे महत्त्वाचे असते; थरापासून तुटलेल्या दगडाचा निम्मा पुरावा नाहीसा होतो.

याउलट चूकही घडते. मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या एका शैलाश्रयातील आकृती डिकिन्सोनिया या एडिॲकरन जीवाची असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुनर्तपासणीत ती मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा अवशेष असल्याचे आढळले व मूळ संशोधकांनी ही दुरुस्ती स्वीकारली. चार्नवुडमध्ये अपेक्षा नसल्यामुळे खरा जीवाश्म नाकारला गेला, तर भीमबेटका येथे साम्यामुळे खोटा मानला गेला. दोन्ही ठिकाणी निर्णय शेवटी खडकाजवळ जाऊन केलेल्या तपासणीनेच झाला.