उडी आणि हूल

गुप्तहेरपट कसा सुरू व्हावा याबद्दलचं एक मत आता इतकं रुळलंय, की ते नुसतं मत आहे हेच विसरायला झालंय. पडदा उजळताच नायकाला कड्यावरून, धरणावरून नाहीतर विमानाच्या दारावरून लोंबकळवा. बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला की पुढचे दोन तास तो तुमचा. परीक्षणंही हीच फूटपट्टी लावतात. उंची किती होती, नट स्वतः लटकला की त्याचा डुप्लिकेट, यावर सलामीच्या दृश्याची प्रत ठरते. वेबमालिकांच्या जमान्यात तर पहिल्या पाच मिनिटांत स्फोट झाला नाही तर माणूस रिमोट उचलतो, अशी धास्ती लेखकांच्या मानगुटीवर बसलेली असते.

पूर्वपक्ष मुद्दाम लुळा करून मांडायचा आणि मग त्याला लोळवून टाळ्या घ्यायच्या, ही खंडनाची स्वस्त रीत. इथे ती चालायची नाही, कारण पूर्वपक्षाच्या हातात पुरावा आहे. 1977 च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधली स्कीवरून मारलेली उडी, 1995 च्या ‘गोल्डनआय’मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हर्झास्का खोऱ्यातल्या 220 मीटर उंच धरणावरून वेन मायकल्सने घेतलेली झेप, 2015 च्या ‘रोग नेशन’मध्ये उडत्या मालवाहू विमानाच्या दाराला चिकटलेला टॉम क्रूझ. शिवाय एक साक्ष खुद्द निर्मात्यांचीच आहे. ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’ (1999) या चित्रपटात शीर्षकांआधीचा भाग मुळात स्पेनमधल्या बिल्बाओत संपायचा होता. तो फिका वाटला, म्हणून थेम्स नदीवरचा बोटींचा पाठलागही शीर्षकांच्या अलीकडे ओढला गेला. याहून स्पष्ट कबुली ती कोणती?

तरीही मला हे मत मान्य नाही. उडी डोळे खेचते, यात वाद नाही. प्रश्न आहे तो माणूस पुढे धरून कशाने ठेवला जातो हा, आणि माझं उत्तर आहे: हुलीने. बघणाऱ्याला एक गोष्ट खरी म्हणून दाखवायची, त्याला ती मानू द्यायची, मग तिच्यामागचं अर्धंच उघडं करायचं. त्या क्षणापासून तो निव्वळ बघ्या राहत नाही. दर माणसाकडे, दर दाराकडे संशयाने बघू लागतो. म्हणजे हेराचंच काम करू लागतो.

आधी इतिहास बघू, कारण रुळलेलं मत इतिहासावर फारच हलक्या पायाने चालतं. बाँडपटांचा पहिला, ‘डॉ. नो’ (1962), शीर्षकांआधी काहीच दाखवत नाही. नामावली संपते आणि जमैकातल्या किंग्स्टनच्या रस्त्यावरून तीन आंधळे भिकारी काठ्या टेकत जाताना दिसतात. थोड्याच वेळात ते पिस्तुलं काढून ब्रिटिश हेरखात्याच्या माणसाला टिपतात. आंधळे आंधळे नव्हते. पुढे नायक येतो तोही जुगाराच्या टेबलावर पाठमोरा. आधी हात, मग पाठ, मग चेहरा.

शीर्षकांआधी प्रसंग घालायची प्रथा पडली ती दुसऱ्या चित्रपटापासून, 1963 च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’पासून. या प्रथेचा मूळपुरुष म्हणून तो नीट बघायला हवा. रात्रीची बाग, कापून नीट केलेली झुडपं, पुतळे. डिनर जॅकेट घातलेला बाँड हातात पिस्तूल धरून चालतोय, आणि त्याची चाल बिथरलेली आहे. हा माणूस असा कधी चालत नाही. मागावर एक सोनेरी केसांचा, दगडी चेहऱ्याचा गडी. पावलांचा आवाज, फांदी मोडल्याचा आवाज, वळून झाडलेली एक गोळी. मग तो गडी मनगटी घड्याळातून बारीक तार ओढून काढतो आणि बाँडचा गळा आवळतो. बाँड मरतो. लगेच मागच्या हवेलीचे सगळे दिवे लागतात, कुणीतरी स्टॉपवॉच बघून सांगतो की एक मिनिट बावन्न सेकंद लागले, आणि प्रेताच्या चेहऱ्यावरून मुखवटा सोलून काढला जातो. खालचा माणूस वेगळाच. त्याला मिशीदेखील आहे, म्हणजे शेवटच्या रांगेतल्यालाही शंका राहू नये. हा सराव होता.

यात उडी नाही, स्फोट नाही, पाठलाग म्हणावा असाही काही नाही. इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओच्या बागेत उरकलेलं काम. पण त्याने किती कर्ज करून ठेवलं ते बघा. बाँड मरू शकतो, ही एक गोष्ट. चेहऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही, ही दुसरी. तिसरी सगळ्यांत मोलाची: आता आपल्याला मारेकरी ठाऊक आहे आणि बाँडला नाही. ग्रँट नावाचा हा गडी (रॉबर्ट शॉ) पुढे किती तरी वेळ एक शब्द न बोलता बाँडच्या आसपास वावरतो. बाँड बोलत असतो, आपण मात्र मागच्या खांबाकडे बघत असतो. शेवटी ओरिएंट एक्स्प्रेसच्या डब्यात तो सभ्य इंग्रज बनून समोर बसतो, झटापट होते, घड्याळातली तीच तार बाहेर येते, आणि त्याच तारेने तो मरतो. बागेतल्या दोन मिनिटांची परतफेड तासाभराने होते. बाँडचा जनक इयन फ्लेमिंग याच्या याच नावाच्या 1957 च्या कादंबरीतही पहिली दहा प्रकरणं शत्रूच्या बेताचीच आहेत. बाँड उगवतो तो अकराव्यात. तो ऐवज पटकथेने दोन मिनिटांत आवळला.

आता पूर्वपक्षाच्या सगळ्यांत मोठ्या मल्लाकडे वळू. 1976 च्या जुलैत ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’साठी कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या अ‍ॅसगार्ड या सपाट माथ्याच्या पर्वतावरून रिक सिल्व्हेस्टरने स्कीसकट स्वतःला झोकून दिलं. स्की सुटल्या, पॅराशूट उघडलं, त्यावर ब्रिटिश झेंडा. पडणारी एक स्की पॅराशूटला घासून गेली, तीही पडद्यावर दिसते. उडी खरी होती, जिवावरची होती, आणि तिचं श्रेय कुणी हिरावून घेऊ नये.

पण लोक फक्त उडी आठवतात. तिच्या आधी काय होतं ते विसरतात. चित्रपट सुरू होतो ब्रिटिश पाणबुडी गायब होण्याने. मग मॉस्कोतला जनरल आपल्या सर्वोत्तम हेराला, एजंट ट्रिपल एक्सला, बोलावणं धाडतो. पुढच्याच दृश्यात बिछान्यात एक रांगडा गडी आणि त्याच्या कुशीत एक बाई. निरोपाचं यंत्र वाजतं, आपण गड्याकडे बघतो, आणि यंत्र उचलते ती बाई. एजंट ट्रिपल एक्स तीच. 1977 सालच्या बाँडच्या प्रेक्षकाला ही चपराक होती. आणि तो गडी? तो पुढच्या काही मिनिटांत ऑस्ट्रियाच्या बर्फात बाँडचा पाठलाग करताना मरतो. बाँड स्कीच्या काठीतून मागे गोळी झाडतो. थेटरात कुणाचं तिकडे फारसं लक्ष नसतं, कारण कडा जवळ आलेला असतो. चित्रपटाच्या उत्तरार्धात मात्र तिला कळतं, की आपण ज्याच्याबरोबर काम करतोय त्यानेच आपल्या माणसाला मारलं. सगळ्या कथेची दोरी तिथे बांधलेली आहे. उडीच्या झगमगाटाखाली पेरलेलं हे बी काढून टाका, आणि उरते ती सर्कस.

खुद्द उडीसुद्धा उंचीवर चालत नाही. पाठलागात वाजणारं संगीत कड्याच्या टोकाशी थांबतं. माणूस पडत राहतो आणि काहीच ऐकू येत नाही. कॅमेरा तोडत नाही, जवळ जात नाही. त्या काही सेकंदांत पॅराशूट आहे की नाही हे आपल्याला माहीत नसतं, आणि पडणाऱ्याला असतं. इथेही पकड कळलेल्या-न कळलेल्याचीच. याची उलटतपासणी हवी तर दोनच वर्षांनी आलेला ‘मूनरेकर’ बघावा. तिथे सलामीला बाँडला पॅराशूटशिवाय विमानातून ढकललंय. हवेतल्या हाणामारीसाठी छत्रीधाऱ्यांनी ऐंशीहून जास्त उड्या मारल्या. मेहनत अचाट. पण शेवटी पोलादी दातांचा राक्षस सर्कशीच्या तंबूवर आदळतो, आपण हसतो, आणि मामला तिथेच मिटतो. पुढे न्यायला हातात काही राहत नाही.

इथे प्रतिवादी म्हणेल, की तुम्ही स्फोटाच्या जागी धक्का बसवलात एवढंच. आणि धक्क्याची किंमत हिचकॉकने केव्हाच करून ठेवली आहे. टेबलाखालच्या बाँबचा त्याचा दाखला प्रसिद्ध आहे: बाँब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी दाखवला तर पंधरा मिनिटांची घालमेल. आक्षेप वजनदार आहे, अर्धा मान्यही. नुसता धक्का धरून ठेवत नाही. पण बागेतला तो प्रसंग परत बघा. मुखवट्याचा धक्का फुटून संपत नाही. त्यातूनच टेबलाखाली बाँब ठेवला जातो. हिचकॉकने ज्यांना दोन वेगळ्या गोष्टी मानलं, त्यांतली एक दुसरीला जन्म देते, आणि हे गुप्तहेरपटात जितकं सहज होतं तितकं इतरत्र होत नाही. प्रेमकथेत चेहरा खोटा निघाला तर कथा मोडते. इथे ती सुरू होते.

ब्रायन डी पाल्माने 1996 च्या ‘मिशन: इम्पॉसिबल’मध्ये ही रीत जवळपास उघडी करून दाखवली. कीव्हमधली एक खोली, बिछान्यात मेलेली मुलगी, गडबडलेला एक माणूस आणि त्याच्याकडून नाव काढून घेणारा दुसरा. नाव मिळतं. विचारणारा स्वतःचा चेहरा सोलतो, आत टॉम क्रूझ. खोलीच्या भिंती ढकलून बाजूला केल्या जातात. ती खोली नव्हती, सेट होता. मेलेल्या मुलीला इंजेक्शन देऊन शुद्धीवर आणतात. मग काडी ओढली जाते, वात पेटते, नामावली. शिकवण एकच: जे दिसतं ते कुणीतरी उभं केलेलं आहे. पुढे प्रागमध्ये अख्खी टोळी मरते तेव्हा ते मरणही उभं केलेलं असेल का, हा प्रश्न विचारायची तयारी प्रेक्षकाची आधीच करून घेतलेली असते. विमानाच्या दाराला लटकणारा क्रूझ फार पुढचा. मालिकेचा पाया या पुठ्ठ्याच्या भिंतींवर आहे.

हेरकथेची ही खुबी शीतयुद्धाने काढली असंही नाही. विशाखदत्ताचं ‘मुद्राराक्षस’ हे हेरांचंच नाटक, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्याची आवृत्ती साक्षेपाने संपादली, तेव्हा आपल्याकडे ते अनोळखी नसावं. सुरुवातीला सूत्रधार घरी येतो. नटी सांगते, आज चंद्रग्रहण आहे, ब्राह्मणांना जेवायला बोलावलंय. सूत्रधार ज्योतिषातला जाणकार. केतू चंद्रावर चालून जायला बघतोय खरा, असं काही तो म्हणू लागतो, तोच पडद्यामागून कुणीतरी गरजतं: मी असताना चंद्राला हात लावणारा कोण? चाणक्याने चंद्र ऐकला आणि त्याला चंद्रगुप्त वाटला. शेंडी मोकळी सोडलेला, चिडलेला चाणक्य रंगमंचावर येतो तो एक शब्द चुकीचा ऐकून. याहून चपखल सलामी मी तरी पाहिलेली नाही.

पुढचं तर त्याहून पक्कं. यमाचं चित्र दाखवत घरोघर फिरणारा हेर, निपुणक, चाणक्याचा प्रतिस्पर्धी, नंदांचा अमात्य राक्षस याच्या पक्षातल्या तिघांची नावं आणतो. पहिलं नाव क्षपणक जीवसिद्धीचं. चाणक्य ऐकून घेतो, आणि स्वगतात आपल्याला सांगतो की तो तर माझाच माणूस. म्हणजे एक हेर दुसऱ्या हेराची शत्रू म्हणून चुगली करतोय, धनी दोघांचा एकच, आणि रंगमंचावर हे चाणक्यालाच ठाऊक; प्रेक्षागारात मात्र सगळ्यांना. मग निपुणक एक अंगठी काढतो. त्या तिघांतल्याच चंदनदासाच्या दारात पाच वर्षांचं पोर बाहेर धावलं, त्याला आत ओढणाऱ्या बाईच्या बोटातून ती निसटली आणि घरंगळत याच्या पायाशी आली. राक्षसाची मुद्रा. अख्खं नाटक या अंगठीवर फिरतं. तलवार अजून म्यानातून निघालेली नाही.

राहिली थेम्सवरच्या बोटींची साक्ष. ती खरी आहे, पण ती सांगते ती निर्मात्यांच्या चिंतेबद्दल. सवय लागलेल्या प्रेक्षकाला दर खेपेला मागच्याहून मोठं काही द्यावं लागतं. ही स्पर्धा स्वतःशीच लागलेली. त्या लांबलेल्या भागातही कथेला कामाला येतं ते बोटींच्या आधीचं: ज्या पैशांसाठी बाँड बिल्बाओला गेला तेच पैसे लंडनमधल्या हेरखात्याच्या मुख्यालयात स्फोट घडवतात. म्हणजे आपण सोडवून आणलेली वस्तूच घातकी होती. पुन्हा हूल. 2002 च्या ‘डाय अनदर डे’मध्ये लाटांवरची कसरत आणि हॉवरक्राफ्टची धुमश्चक्री झाल्यावर बाँड सरळ पकडला जातो, आणि नामावलीभर त्याचा छळ चालतो. त्या चित्रपटातलं मला लक्षात राहिलेलं एवढंच. बाकीचा, विशेषतः अदृश्य होणारी मोटार, विसरण्याजोगा.

आणि सगळ्यांत सोयीचा साक्षीदार पूर्वपक्षाच्याच छावणीतला. ‘गोल्डनआय’मधली धरणावरची झेप ज्याच्या दिग्दर्शनाखाली झाली, त्याच मार्टिन कॅम्बेलला 2006 मध्ये ‘कसिनो रॉयाल’ने नवा बाँड उभा करायचा होता. त्याने निवडलं काय? प्रागमधलं एक रात्रीचं कार्यालय, कृष्णधवल, आणि खुर्चीत अंधारात आधीच येऊन बसलेला एक माणूस. फितूर अधिकारी निवांत आहे, कारण दोन माणसं मारल्याखेरीज दुहेरी शून्याचा परवाना मिळत नाही आणि या पोराच्या नावावर एकही खून नाही, हे त्याने वाचलेलं आहे. तो खणातून पिस्तूल काढतो, चाप ओढतो. आत गोळ्या नाहीत, त्या आधीच खुर्चीवाल्याच्या हातात आहेत. मधूनमधून एका स्वच्छतागृहातली ओबडधोबड मारामारी दिसत राहते: पहिला खून झालेला आहे, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसराही होतो. मादागास्करमधला क्रेनवर चढणारा तो गाजलेला पाठलाग कॅम्बेलने शीर्षकांनंतर ठेवला.