नानकटाई, कहवा आणि एक जुना वाद

आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या बेकरीत गेल्या वर्षी कॉफीचं यंत्र आलं. बेकरी तीन पिढ्यांची. पाव, खारी, टोस्ट, बटर आणि नानकटाई, एवढाच तिथला माल. नातवाने मैद्याच्या पोत्यांची खोली रिकामी केली, चार टेबलं टाकली आणि नानकटाईच्या बरणीवर ‘कुकीज’ अशी चिठ्ठी चिकटवली. महिनाभरात मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मजकूर फिरू लागला: कॉलेजच्या मुली तिथं तास-तास बसतात, हे कॅफे कल्चर पाश्चात्त्यांचं आहे, आपल्या तहजीबमध्ये बसत नाही, जमातीने दखल घ्यावी.

मी एका दुपारी मुद्दाम जाऊन बसले. एका टेबलावर तीन मुली होत्या, दोघी बुरख्यात, एक बिनबुरख्याची. समोर नोट्स पसरलेल्या, एकच कॉफी तिघींत. आतून भट्टीचा ऊबदार वास येत होता. गल्ल्यावर म्हाताऱ्या चाचांना मी त्या मजकुराबद्दल विचारलं, तर म्हणाले, “आते, बैठते, पढते, जाते. उसमें क्या बिगडता, बेटी?” आणि पुन्हा सुट्टे पैसे मोजू लागले.

मजकूर लिहिणाऱ्याला त्या टेबलावरच्या दोन्ही गोष्टी पाश्चात्त्य वाटल्या. आधी बशीतली घ्या. नानकटाई हा शब्दच फारसी. नान म्हणजे रोटी, आणि खता म्हणजे उत्तर चीन, ज्याला युरोपीय लोक कॅथे म्हणत. अफगाणिस्तानात आणि इराणमध्येही याच नावाची खुसखुशीत बिस्किटं मिळतात. मराठी जिभेने त्यातल्या ‘ख’चा ‘क’ केला. आपल्याकडे नानकटाईचं माहेर म्हणून सुरतेचं नाव घेतलं जातं. तिथल्या दोतीवाला या पारशी घराण्याची हकीकत अशी की, डच व्यापाऱ्यांनी सुरत सोडताना आपली बेकरी फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांच्या हवाली केली. त्या काळी पावाचं पीठ ताडीने फुगवत. गिऱ्हाईक असलेले गोरे गेले आणि ताडीचा पाव खायला स्थानिक लोक सहजी तयार नव्हते. मग अंडं नाही, ताडी नाही, अशी नानकटाई दुकानात आली आणि चालली. सुरतेने तिला बाजार दिला हे मला पटतं. पण शोध सुरतेत लागला म्हणावं, तर ते फारसी नाव कुठून आलं?

ताडीची ही गोष्ट लक्षात ठेवा. नशेचा संशय पुढे कपालाही चिकटणार आहे.

त्याआधी भट्टीबद्दल थोडं. लाकडावरची विटांची भट्टी पावासाठी कडक तापवतात. पाव निघाले की ती हळूहळू उतरते, आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाई लागते. ताव जास्त झाला तर खालून करपते आणि आतून कच्ची राहते. घरात अशी भट्टी नसायची, म्हणून आपल्याकडची रीत पडली. तूप आणि पिठीसाखर परातीत तळहाताने पांढरी होईपर्यंत फेसायची, मैदा, थोडा रवा, बेसन, वेलदोडा घालायचा आणि डबे घेऊन बेकरी गाठायची. ईदच्या आधी आमच्या घरातल्या बायका जात. दिवाळीच्या आधी त्याच पायरीवर शेजारच्या गल्लीतल्या काकू आणि वहिनी. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांना हे सांगायला नको. आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून कुणी नानकटाईवर चारोळी लावायचं, कुणी नखाने खूण करायचं. नंबर यायला दोन-तीन तास लागत. अम्मीबरोबर मी त्या पायरीवर बसलेली आहे. सुनांच्या तक्रारी, सासवांच्या तक्रारी, कुणाच्या पोरीचं कुठे जमलं, सगळं तिथेच कळायचं. तेव्हा कुणीही जमातीला दखल घ्यायला सांगितलं नव्हतं. बहुधा त्या बायका घरकामासाठी बसल्या आहेत असं मानलं गेलं, आणि या मुली स्वतःसाठी बसल्या आहेत. बाकी फरक मला दिसत नाही.

आता कपातली गोष्ट. कॉफी पिण्याचे सर्वात जुने खात्रीचे उल्लेख पंधराव्या शतकातल्या येमेनमधले आहेत आणि ते सुफींचे आहेत. रात्रीच्या जिक्रमध्ये डोळा लागू नये म्हणून ते कहवा पीत. कैरोत अल-अझहरजवळ राहणारे येमेनी सुफी सोमवारी आणि शुक्रवारी रात्री जमत. लाल मातीच्या मोठ्या भांड्यातून त्यांचा प्रमुख वाटी भरे आणि ती उजवीकडून फिरत जाई, तोंडाने जिक्र चालू. हे वर्णन अब्दुल कादिर अल-जझीरी यांच्या १५५८च्या सुमाराच्या ग्रंथात आहे. ग्रंथाचा विषयच मुळी कॉफी हलाल की हराम हा.

इतका वाद व्हायचं एक कारण शब्दातच होतं. अरबीत ‘कहवा’ हे दारूच्या अनेक नावांपैकीही एक होतं. पण खरं कारण १५११ मध्ये मक्केत दिसलं. ममलूक सुलतानाचा तिथला मुहतसिब, म्हणजे बाजार आणि लोकांचं वर्तन यांवर देखरेख करणारा अधिकारी, खैर बेग. एका रात्री त्याला हरमजवळ काही लोक कंदील लावून बसलेले दिसले. तो जवळ जाताच त्यांनी दिवे मालवले. चौकशीत कळलं की ते कहवा पीत होते, आणि शहरात अशा बैठका जागोजागी भरतात. दुसऱ्या दिवशी त्याने उलेमांची सभा बोलावली आणि कॉफीचं भांडं आरोपीसारखं मध्ये ठेवलं. दोन इराणी हकिमांनी ती तब्येतीला घातक असल्याची ग्वाही दिली. एकाने सांगितलं की हिचा अंमल अगदी दारूसारखा असतो. त्यावर सभेत हशा पिकला, कारण दारू चाखल्याशिवाय हे कळणार कसं? त्या बिचाऱ्याने चाखल्याचं कबूल केलं आणि फटके खाल्ले, असं सांगतात. मक्केच्या मुफ्तींनी बंदीला विरोध केला. त्यांचं चाललं नाही. कॉफीच्या बिया रस्त्यात जाळल्या गेल्या, विकणाऱ्यांना मारहाण झाली.

कैरोहून सुलतान कान्सूह अल-गौरीचं फर्मान आलं तेव्हा चित्र बदललं. फर्मानाने बैठकांना मनाई केली, पेयाला सरसकट हराम ठरवलं नाही. पुढच्या वर्षी खैर बेगची जागा दुसऱ्याने घेतली आणि मक्का पुन्हा कहवा पिऊ लागली. म्हणजे सुलतानाच्या दफ्तरातच लिहून ठेवलं आहे की दुखणं कॉफीचं नव्हतं, बसण्याचं होतं. माणसं एकत्र बसतात, बोलतात, बुद्धिबळ खेळतात, आणि ते कुणाच्या देखरेखीत नसतं.

इस्तंबूलमध्येही तेच. १५५५च्या आसपास हलबचा हकम आणि दमास्कसचा शम्स या दोघांनी तिथे कॉफीची दुकानं काढली, असं इतिहासकार पेचेवी लिहितो. दुकानं भरली, तशी लोक मशिदीत येत नाहीत अशी ओरड सुरू झाली. १६३३ मध्ये सुलतान चौथ्या मुरादने कॉफीखाने पाडले. तेही पुन्हा उभे राहिले.

हिंदुस्थानात कॉफी मोखा बंदराच्या वाटेने आली. सुरतेहून हजची जहाजं तांबड्या समुद्रात जात, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. मुल्ला अब्दुल गफूर यांच्यासारखे व्यापारी तिकडे कापड नेत आणि परतीच्या मालात कॉफी असे. जहांगीरच्या दरबारात आलेल्या थॉमस रोचा पाद्री एडवर्ड टेरी लिहितो की इथले धर्मनिष्ठ लोक दारूऐवजी कॉफी पितात, आणि ती मन तरतरीत करते. बाबा बुदन यांनी हजहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळुरूच्या डोंगरात लावल्या ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. सातचा आकडा कथेचा असेल, पण डोंगराला नाव त्यांचंच आहे. दिल्लीत, १७३८ ते १७४१ दरम्यान, दर्गाह कुली खान यांनी चांदणी चौकातल्या कहवाखान्यांत रोज जमणाऱ्या शायरांबद्दल लिहून ठेवलंय.

हे सगळे कॉफीखाने पुरुषांचे होते, हे मला ठाऊक आहे. आमच्या बेकरीत नवं काही असेल तर एवढंच की टेबलावर मुली आहेत. मजकूर लिहिणाऱ्याने सरळ तेवढंच लिहायला हवं होतं. त्यात पाश्चात्त्यांना ओढायची गरज नव्हती, कारण पश्चिमेलाही याच भीतीने धरलं होतं. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने २९ डिसेंबर १६७५ रोजी देशातली सगळी कॉफी हाऊसेस बंद करण्याचा हुकूम काढला. लोक तिथे बसून सरकारबद्दल नको ते बोलतात, ही तक्रार. अंमल १० जानेवारीपासून होणार होता. लंडनमध्ये इतका गदारोळ झाला की ८ जानेवारीलाच राजाने हुकूम मागे घेतला.