पोथीची पानं आणि पीडीएफची जोडणी

मंडळी, बारामतीत बोलायचं तर मोरोपंतांपासूनच सुरुवात करायला हवी. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी आले आणि १७९४ साली इथेच निवर्तले. त्यांच्या काळी ग्रंथ म्हणजे दोन फळ्यांत बांधलेली सुटी पानं. समासात पानाचा क्रमांक, शेवटी पुष्पिका. दोरा तुटला तरी क्रमांकावरून पोथी पुन्हा लागे. पुष्पिका नसेल तर ती अपुरी, हे जाणत्याला कळे.

निवृत्तीनंतर आम्ही पंतांच्या आर्याभारताची एक जुनी छापील प्रत स्कॅन करून घेतली. प्रत उसनी, कागद बोट लागताच तुटणारा, म्हणून लगेच परत केली. हाती राहिल्या १८ पर्वांच्या १८ पीडीएफ फायली. त्या जोडायला नातवाने पायथनच्या चार ओळी लिहून दिल्या. त्या चालेचनात.

पहिली चूक निव्वळ इतिहासाची होती. पीडीएफ जोडणारी ही लायब्ररी २००५ साली मॅथ्यू फेनियाक यांनी 'पायपीडीएफ' नावाने सुरू केली. पुढे ती 'पायपीडीएफ२' झाली, आणि २०२२ च्या अखेरीस पुन्हा 'पायपीडीएफ'. जोडणीचं काम करणारा 'पीडीएफ फाइल मर्जर' आधी 'पीडीएफ मर्जर' झाला, मग तोही गेला. आता ते काम 'पीडीएफ रायटर' करतो. नातवाने जुना धडा गिरवला होता. संगणक तांबड्या अक्षरांत नवं नावही सांगत होता, पण तांबडं दिसलं की वाचतो कोण!

दुसरी चूक: 'ईओएफ मार्कर नॉट फाउंड'. इथे आम्हाला पोथी आठवली. जॉन वॉर्नॉक यांच्या १९९१ च्या टिपणातून निघालेली आणि १९९३ साली बाजारात आलेली ही पीडीएफ शेवटाकडून वाचली जाते. कुठली वस्तू कितव्या बाइटवर आहे, याची सूची बहुधा अखेरीस असते, आणि तिच्यापाशी नेणारी खूण त्याहून खाली. ती पुष्पिकाच म्हणा ना! आमची ११वी फाइल, म्हणजे स्त्रीपर्व, पाठवताना अर्धीच उतरली होती. वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानलं, ते उगाच नाही.

एका फाइलला परवलीचा शब्द होता. तो दिल्यावर ती उघडली.

खरा घोळ पुढे. स्त्रीपर्व बाजूला ठेवून बाकीच्या १७ जोडल्या. एकही चूक दाखवली नाही, आम्ही पेढे वाटले. रात्री वाचायला बसलो तर आदिपर्वानंतर सौप्तिक! फायलींची नावं १, २, ३ अशी. संगणकाने त्या अक्षरक्रमाने लावल्या, म्हणजे १ नंतर थेट १०. पांडव आधी स्वर्गारोहण करून आले आणि मग सभापर्वात द्यूताला बसले. ०१, ०२ अशी नावं दिल्यावर क्रम लागला. तेव्हापासून आम्ही जोडण्याआधी आणि नंतर पानं मोजतो, आणि प्रत्येक पर्वाचं पहिलं पान डोळ्यांनी बघतो.

राहिलं स्त्रीपर्व. स्कॅन करणाऱ्याने मूळ फायली पुसल्या होत्या. प्रतीच्या मालकांकडे आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी आनंदाने दिली, पण त्या पर्वातल्या दोन पानांचे कोपरे तेवढ्या महिन्यांत गळून गेले होते. जोडलेल्या फाइलमध्ये ती पानं तशीच आहेत.