पेशींची हाक : इंटरफेरॉनच्या शोधाची कथा

गावावर दरोडा पडला म्हणजे पहिल्या घरचा माणूस, स्वतः वाचो न वाचो, शेजाऱ्यांना हाक देतो. आपल्या शरीरातील पेशीही हेच करतात. पण ते कळावयास विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला.

एका विषाणूने ग्रासलेल्या पेशींत दुसऱ्याचा शिरकाव पुष्कळदा होत नाही, एवढे शास्त्रज्ञांस पूर्वीच ठाऊक होते. असे का व्हावे? १९५६ साली लंडनजवळच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी हा प्रश्न हाती घेतला. कोंबडीच्या अंड्यातील गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचे तुकडे घेऊन त्यांवर त्यांनी उष्णतेने निकामी केलेले इन्फ्लुएंझाचे विषाणू सोडले. मग ते तुकडे धुऊन स्वच्छ द्रवात ठेवले, आणि तो द्रव दुसऱ्या, ताज्या तुकड्यांना दिला. ते तुकडे जिवंत विषाणूलाही दाद देईनात! पेशींनी द्रवात काहीतरी सोडले होते खास. १९५७ साली त्याचे नाव 'इंटरफेरॉन' म्हणून प्रसिद्ध झाले. जपानात नागानो व कोजिमा यांनी १९५४ सालीच अशा प्रतिबंधक द्रव्याची नोंद केली होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

मौज अशी, की हे द्रव्य विषाणूला स्वतः मारीत नाही. ते शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटते. तेथून निरोप केंद्रकापर्यंत पोचतो आणि पेशी विषाणूची वाढ रोखणारी प्रथिने तयार करू लागते. अशा निरोप्या प्रथिनांनाच आज 'सायटोकाइन' म्हणतात.

द्रव्य इतके अल्प मिळे, की ते शुद्ध करणे दुष्कर होते. साहजिकच शंकेखोरांचे फावले. आयझॅक्स १९६७ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. शुद्ध इंटरफेरॉन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९८० साली झुरिक येथे चार्ल्स वाइसमान यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मानवी जनुक जीवाणूत घालून ते तयार करविले, तेव्हा कोठे त्याची टंचाई सरू लागली.

या हाकेचे मोल २०२० साली पुन्हा प्रत्ययास आले. करोनाने प्राणांतिक न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये आढळली. लक्षणे नसलेल्या वा सौम्य लागण झालेल्या ६६३ जणांत एकाच्याही नाही. हाक दिली गेली होती. पण ती शेजाऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती.