मताधिकार मिळाला, जागेचे काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची खेड्याविषयीची मते सांगायची म्हटली की बहुतेक लेखक 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणापाशी जाऊन थांबतात. राज्यघटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना त्यांनी खेड्याला अज्ञानाचे, संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर म्हटले होते. त्यावर पुढचे अनेक दिवस सभासद त्यांच्यावर टीका करत राहिले. पण या मताचे मूळ सोळा वर्षे मागे, मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आहे. 6 ऑक्टोबर 1932 रोजी ग्रामपंचायत विधेयकावर ते बोलले. मला हे जुने भाषण जास्त मोलाचे वाटते. 1948 च्या भाषणात खेड्यावर टीका आहे, 1932 च्या भाषणात टीकेबरोबर मागणीही आहे. कायद्यात नेमके काय हवे, हे तिथे स्पष्ट सांगितले आहे.

त्या दिवसाची पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. बारा दिवसांपूर्वी, 24 सप्टेंबरला पुणे करार झाला होता. त्यातल्या विधिमंडळाच्या राखीव जागा सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्याच करारात स्थानिक संस्थांविषयीही एक कलम होते. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत अस्पृश्य म्हणून कोणाला अपात्र मानू नये आणि या वर्गाला योग्य प्रतिनिधित्व मिळावे म्हणून शक्य ते सर्व प्रयत्न करावेत, असे ते म्हणत होते. करारावरची शाई वाळायच्या आत ग्रामपंचायतीचे विधेयक चर्चेला आले, म्हणजे त्या शब्दाची लगेचच परीक्षा होती.

आंबेडकर 1927 पासून या कायदेमंडळाचे नेमलेले सभासद होते. 1928 च्या मार्चमध्ये त्यांनी महार वतनाचा प्रश्न विधेयक मांडून सभागृहात आणला होता. गावगाड्यात राबणारा माणूस कोणाच्या हुकमाखाली असतो आणि त्याच्या हाती काय पडते, हे त्यांना अहवाल वाचून समजून घ्यावे लागले नव्हते. त्यामुळे प्राचीन ग्रामपंचायतींचे गोडवे त्यांच्यापुढे चालणारे नव्हते. या ग्रामराज्यांनी देशाच्या सार्वजनिक जीवनाचे नुकसानच केले, माणसाला आपल्या शिवेपलीकडे पाहू दिले नाही आणि राष्ट्रभावना वाढू दिली नाही, असे त्यांनी सभागृहाला ऐकवले.

त्यांचे दोन आक्षेप मुख्य होते. पहिला प्रतिनिधित्वाचा. सगळ्या प्रौढांना मत दिले की सगळ्यांचे हित आपोआप जपले जाते, असा युक्तिवाद तेव्हाही होता. आंबेडकर प्रौढ मताधिकाराच्या विरोधात नव्हते. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनीच तो मागितला होता. पण त्यांनी साधे गणित मांडले. अस्पृश्य प्रत्येक गावात मूठभर आहेत. प्रत्येकाच्या हाती मत दिल्याने अल्पसंख्य बहुसंख्य होत नाहीत. दोनशे घरांच्या गावात बारा घरे एका बाजूला असतील, तर बाराच्या बारा घरांनी मतदान करूनही पंचायतीत त्यांचा एक माणूस जाणार नाही. म्हणून पंचायती व्हायच्या असतील, तर अल्पसंख्याकांना, निदान अस्पृश्यांना तरी, खास प्रतिनिधित्व हवे. इतर समाज आपले काय ते स्वतः बोलतील, असेही त्यांनी जोडले. दुसऱ्याचा वकील होण्याचा आव त्यांनी आणला नाही. तत्त्व मात्र सर्वांसाठी मोकळे ठेवले.

दुसरा आक्षेप न्यायदानाचा. पंचांच्या हाती न्यायनिवाड्याचे अधिकार द्यायला त्यांचा ठाम विरोध होता. जो समाज जातीच्या उतरंडीत जखडलेला आहे, माणसाची पायरी जन्मावरून ठरवतो, त्याच्याकडून निखळ न्यायाची अपेक्षा कशी करायची? आमचा जीव, आमचे स्वातंत्र्य आणि आमची मालमत्ता अशा पंचांच्या हवाली करा असे आम्हाला सांगणे अन्यायाचे आहे, असा त्यांचा रोख होता.

पुढे 1938 च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीवर वाद झाला. त्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घातला जात होता. भाऊराव गायकवाडांनी त्याला विरोध केला. बहुमताने दुरुस्ती फेटाळली, तेव्हा आंबेडकर आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. ज्यांना नाव द्यायचे त्यांनाच विचारायचे नाही, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. मुद्दा पुन्हा तोच होता: निर्णय आमच्याविषयी, पण आमच्याशिवाय.

संविधान सभेत या विषयावर ते एकटे नव्हते. 8 नोव्हेंबर 1948 रोजी संयुक्त प्रांताच्या बेगम ऐझाज रसूल यांनी आपण आंबेडकरांशी पूर्ण सहमत असल्याचे सांगितले. आधुनिक विचार नागरिकाच्या हक्काकडे झुकतो आणि ग्रामपंचायती फार हुकूमशाही वागू शकतात, असे त्या म्हणाल्या. एक मुस्लिम स्त्री हे सभागृहात सांगत होती, याची आठवण आपल्याकडे क्वचितच काढली जाते. 22 नोव्हेंबरला के. संथानम यांची दुरुस्ती आली आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. तेच आजचे कलम 40. पंचायतींना घटनेत जागा मिळाली, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. घटनेचा मूळ घटक गाव नसून व्यक्ती आहे, ही त्यांची भूमिका कायम राहिली.

24 एप्रिल 1993 रोजी 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली. कलम 243-ड ने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. 1932 ची मागणी एकसष्ट वर्षांनी घटनेत उतरली. मागासवर्गीयांसाठी जागा ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रात त्या वाटेनेच मोमीन, तांबोळी, पिंजारी अशा मुस्लिम ओबीसी जमातींतले लोक पंचायतीत पोहोचले. न्यायदानाबाबतही 2008 च्या ग्राम न्यायालय कायद्याने न्याय गावाजवळ आणला, पण खुर्चीवर पंच न बसवता कायद्याचे शिक्षण घेतलेला न्यायाधिकारी बसवला.

मग प्रश्न सुटला का? 2021 मध्ये नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे आढळल्याने राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. 2024 मध्ये कोल्हापूरजवळच्या शिंगणापूर ग्रामपंचायतीने मुस्लिमांची नवी नावे मतदारयादीत घेऊ नयेत असा ठराव केला, नंतर माफी मागितली. 2025 च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी घालण्याचा ठराव केला. मतदारयादी कोणाची असावी, हे ठरवणे ग्रामपंचायतीच्या अधिकारात नाही आणि घटनेने दिलेला व्यवसायाचा हक्क हात वर करून काढून घेता येत नाही. तरी असे ठराव लिहिले जातात. गावाचे बहुमत आणि नागरिकाचा हक्क आमनेसामने आले की आंबेडकरांचे ते भाषण काल केल्यासारखे वाटते.

हा आरसा आपल्याकडेही वळवायला हवा. आपल्या बिरादरीच्या पंचायतीत, मशिदीच्या जमातीत निर्णय कोण घेते? गरिबाला, कारागिराला, बाईला तिथे जागा आहे का? घरच्या बैठकीत तलाकचा, वाटणीचा निवाडा होतो तेव्हा जिच्याविषयी तो होतो ती खोलीत असते का? बेगम रसूल यांचे वाक्य फक्त दुसऱ्यांच्या पंचायतींना लागू नाही.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिला जा, आया-बहिणींना पाठवा. ‘गावाची एकी’ म्हणून बिनविरोधचा आग्रह होईल तेव्हा त्या एकीत आपली जागा कुठली, हे विचारा. ठराव मान्य नसेल तर आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. कायदेमंडळाच्या कामकाजात नोंद झाली, म्हणूनच 1932 चा तो आवाज आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे.